मुरलीधर वर आहे

फोनवरच्या बाईने मिस्टर मुरलीधर आहेत का म्हणून विचारलं आणि मी ‘तो वर आहे’ म्हणालो. त्यात विचार असा काही नव्हता. आमच्या घरात हा प्रश्न मी बोलायला लागण्याच्या आधीपासून विचारला जातोय आणि उत्तर कधी बदललेलं नाही. जिना चढून गेलं की डाव्या हाताला एक कपाट आहे. त्यात गरम पाण्याची तांब्याची टाकी, टाकीच्या वरच्या फळीवर टॉवेल आणि उशांचे अभ्रे, आणि त्याच्याही वरच्या फळीवर मुरलीधर. पितळेचा, वीतभर उंच, एक पाय दुसऱ्यापुढे टाकून उभा, बासरी ओठांच्या इतकी जवळ की आता वाजवेल असं वाटावं. पण ब्रिस्टलला आल्यापासून त्याने ती वाजवलेली नाही. बाई म्हणाली, त्यांना फोनवर बोलावता येईल का. मी म्हटलं, तो सहसा खाली येत नाही. आवाज मऊ करून तिने विचारलं, तब्येत बरी नसते का त्यांची? मी म्हटलं, तब्येत उत्तम आहे. आणि मग टोस्ट हातात तसाच धरून माझ्या लक्षात आलं की आपण घरविक्रीचे कागद करणाऱ्या कंपनीशी बोलतोय, आणि त्या कंपनीच्या मते आमच्या घरात मुरलीधर नावाचा एक सद्गृहस्थ राहतो.

तिने समजावून सांगितलं. घर विकताना मालकाखेरीज जो कोणी सज्ञान माणूस त्या घरात राहत असेल, त्याची सही लागते. आपला या घरावर काही हक्क नाही आणि ठरल्या दिवशी आपण मुकाट्याने बाहेर पडू, असं त्याने लिहून द्यायचं. म्हणजे मागाहून घर घेणाऱ्यांना वरच्या खोलीत कोणी सापडत नाही. मिस्टर मुरलीधरांचा कागद अजून आलेला नाही, तेवढाच राहिलाय. मी विचारलं, तुमच्याकडे या घरात कोण कोण राहतं असं आहे? तिने वाचून दाखवलं. मिसेस प्रमोदिनी, आणि मग आडनावाच्या अलीकडे थांबून, जराशी धाव घेऊन तिने सहस्रबुद्धेवर उडी मारली आणि पलीकडे कुठेतरी पडली. त्यानंतर मिस्टर मुरलीधर. बस. मी म्हटलं, आणखी कोणी नाही? ती म्हणाली, नाही, का, आहे का? मी टोस्ट दुसऱ्या हातात घेतला. तिने विचारलं, आपण कोण बोलताय? मी म्हणालो, मी फोन उचलला.

फोन ठेवून मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. टोस्ट गार झाला होता. मी काही दुखावलो वगैरे नव्हतो. मला फक्त माझ्या पायांखालचं कार्पेट फार स्पष्ट दिसायला लागलं. त्याचा रंग मी इतकी वर्षं तपकिरी समजत होतो, तो तसा नव्हताच, त्यात एक हिरवट धागा होता. चार वर्षांपूर्वी मी लंडनला कॅमडेनमधली एक खोली आणि त्या खोलीतलं एक माणूस सोडून दोन आठवड्यांसाठी म्हणून इथे आलो, तेव्हापासून मागच्या खोलीत राहतो. इथूनच कामाला जातो. विमानांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका लिहायचं काम आहे, त्यातला संडासाचा विभाग माझ्याकडे आहे. जेवतो इथे, झोपतो इथे, दर बुधवारी कचऱ्याचा डबा बाहेर नेऊन ठेवतो. पण पुरावे माझ्या विरुद्धच जात होते. एस्टेट एजंट फोटो काढायला आला तेव्हा त्याने माझी गादी भिंतीशी उभी केली, त्यावर चादर टाकली आणि खिडकीत एक कुंडी ठेवली. जाहिरातीत त्या खोलीखाली ‘स्टडी’ असं आलं. मी ती जाहिरात ऑफिसात बसून पाहिली तेव्हा मला ती खोली आवडली. अशा खोलीत राहणारा माणूस काहीतरी अभ्यास करत असणार असं वाटलं. आणि आता आईला कोणीतरी विचारलं होतं की तुमच्याबरोबर घरात कोण राहतं, आणि आईने जरा विचार करून देवाचं नाव सांगितलं होतं.

ही कंपनी मीच शोधली होती. घराचे कागद एका नावावरून दुसऱ्या नावावर नेणं, याला इकडे कन्व्हेयन्सिंग म्हणतात, आणि ते काम आईच्या मते पेनरोजचं होतं. बाबांनी हे घर घेतलं तेव्हाही पेनरोजच होता. क्लिफ्टनमध्ये त्याचं ऑफिस, तिथल्या खुर्च्या अशा की बसलं की माणूस हळूहळू खाली जात राहतो आणि शेवटी टेबलाच्या कडेवरून पेनरोजचे फक्त डोळे दिसतात. बोलायला लागला की पावसापासून सुरुवात करणार, आणि घड्याळ लावून बसलेला, त्यामुळे पावसाचेही पैसे पडणार. मी आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि दाखवलं की हल्ली हे सगळं फोनवर होतं. घराचा पत्ता टाइप करा, किंमत टाका, तिथल्या तिथे आकडा येतो, तोही पेनरोजच्या निम्म्याहून कमी. व्यवहार झाला नाही तर काहीच द्यायचं नाही. आई आकड्याकडे पाहतच नव्हती. ती पानावरच्या फोटोकडे पाहत होती. कानाला माइक लावलेली एक सोनेरी केसांची बाई हसत होती. स्वस्तात कागद करून देणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या पानावरही तीच बाई होती. मग आम्ही खिडक्यांच्या काचा बदलणाऱ्यांचं पान उघडलं, तिथेही ती होती, आणि दातांच्या दवाखान्याच्या पानावर तर तिने पांढरा कोट घातला होता. आई म्हणाली, हिचं चांगलं चाललंय. मी म्हटलं, मुद्दा तो नाही. मुद्दा असा की घर तेच, कागद तेच, सही करणारी तूच, मग मधल्या माणसाने मऊ खुर्चीत बसवलं म्हणून जास्त का द्यायचं? आईने बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाली, “वकील असा असावा ज्याला चहा विचारता येतो.” मी म्हटलं, फोनवरही विचारता येतो. ती त्यावर हसली आणि तिथे बहुधा मी जिंकलो. आईला हसवलं की आई हरते, हे बाबांनी शोधून काढलं होतं. मी फक्त वापरत होतो.

मुरलीधरसुद्धा मुळात बाबांचाच विनोद. शशिधर सहस्रबुद्धे, भूलतज्ज्ञ, देव मानत नसत. लोकांना झोपवून परत उठवण्याचं काम रोज केल्यावर दुसरा कोणी जगाचं तेच काम करतो यावर विश्वास बसत नाही, असं म्हणत. पण आई आली ती मुरलीधराला हातातल्या पिशवीत घेऊन, आणि त्या वर्षीच्या थंडीत तो समोरच्या खोलीत इतका गार पडायचा की सकाळी पुसताना आईची बोटं बधिर व्हायची. तेव्हा बाबांनी त्याला उचलून टाकीच्या कपाटात नेऊन ठेवला. घरातली सगळ्यात उबदार जागा तीच होती. त्या दिवसापासून तो बाबांच्या लेखी घरात राहणारा तिसरा माणूस झाला. भाडं न देणारा. चाव्या सापडल्या नाहीत की ते म्हणायचे, मुरलीधराला विचारा, तो दिवसभर घरीच होता. आम्ही सुट्टीला बाहेरगावी निघालो की सगळी बॅगा घेऊन गाडीत बसलेली असायची, आणि बाबा परत आत जाऊन हीटिंगचं घड्याळ लावून यायचे, रोज सकाळी एक तास. कोणासाठी म्हणून विचारलं की, मुरलीधर एकटा आहे. पेनरोज एकदा घर बघायला आला, त्याने कोणी न सांगता बूट काढले, एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. बाबांनी त्याला वर नेऊन कपाट उघडलं आणि हे आमचे मुरलीधर म्हणून ओळख करून दिली. पेनरोजने मान लववली आणि भेटून आनंद झाला म्हणाला. ही गोष्ट आमच्याकडे जेवताना इतक्या वेळा सांगितली गेलीय की मी तेव्हा जन्मलो नव्हतो हे मला पटत नाही. ते भोक मी पाहिलेलं आहे. बाबा गेले, विनोद राहिला. सांगणारा गेल्यावर विनोदाचं काय होतं हे मला माहीत नव्हतं. तो हळूहळू खरा होतो. आई कपाटाचं दार लावताना ‘बरं, येते मी खाली’ म्हणायला लागली. गुडघे दुखायला लागल्यापासून ती जिना चढताना मध्ये एकदा थांबते, कठडा धरून, आणि थांबलेली असताना वर बघून म्हणते, आले. दिवा लावायला रोज तेवढ्यासाठी ती तो जिना चढते. माझी बहीण उर्वी म्हणूनच तिला मिल्टन कीन्सला नेणार आहे. उर्वीच्या घरापासून चालत जाता येईल असा एक तळमजल्यावरचा फ्लॅट मिळालाय, तो महिनाअखेरपर्यंत आईसाठी थांबणार, त्यानंतर दुसऱ्या कोणाला जाणार. आमचं घर घेणाऱ्या जोडप्यातली बाई पोटुशी आहे, तीही फार थांबणार नाही. उर्वीने सगळं ठरवलं तेव्हा माझ्याबद्दलही एक वाक्य झालं होतं, फोनवर, आई स्पीकर चालू करून पोळ्या लाटत असताना. क्षितिज बघेल काहीतरी.

तर मी कंपनीला फोन केला. स्वस्त कंपनीत दर वेळी दुसरा आवाज असतो, आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणजे आपली गोष्ट आपोआप घोटून निघते. पहिल्या आवाजाला मी म्हटलं की मुरलीधर माणूस नाही, मूर्ती आहे. आवाज तरुण होता, तत्पर होता. तो म्हणाला, उत्तम, मग तो राहणाऱ्यांत येत नाही, तो सामानाच्या यादीत येतो. घराबरोबर देताय की घेऊन जाताय? मी म्हटलं, घेऊन जातोय. भिंतीला पक्का केलाय का? नाही. मग पडद्यांच्या खाली घालतो, तो म्हणाला. मी संध्याकाळी आईला हे आनंदाने सांगितलं. तिने भाजी हलवणं थांबवलं. पडद्यांच्या खाली म्हणजे कुठे, तिने विचारलं. मी म्हटलं, पडदे, त्याखाली मुरलीधर, त्याखाली बागेतली झोपडी. ती पुन्हा भाजी हलवायला लागली, पण ती आता वेगळ्या तऱ्हेने हलत होती. शिवाय दुसऱ्या दिवशी कळलं की तसं करता येत नाही. दुसऱ्या आवाजाने सांगितलं की मिसेस सहस्रबुद्धेंनी पहिल्याच मुलाखतीत, मिस्टर मुरलीधरांचा घरात काही वाटा आहे का या प्रश्नाला जे उत्तर दिलंय ते नोंदलेलं आहे. काय उत्तर? “सगळं त्यांचंच आहे.” हे वाक्य त्याने आदराने वाचलं. पडद्यांच्या खालच्या वस्तूचं सगळं घर असू शकत नाही, हे त्याचंही म्हणणं बरोबर होतं.

मी त्यात भर घातली. ऑफिसात, विमानाच्या संडासातल्या पोकळीदाबाच्या झडपेवर लिहायचं सोडून मी इंटरनेटवर वाचत बसलो, तर भारतात देवाच्या नावावर जमीन असते, देव कोर्टात जातो, त्याच्या वतीने कोणीतरी उभं राहतं. मला हे इतकं आवडलं की तिसऱ्या आवाजाला मी ते सांगून टाकलं. तिसरा आवाज विनोदाच्या बाजूचा नव्हता. दोन दिवसांनी पत्र आलं की परिस्थिती पाहता मिस्टर मुरलीधरांनी आपला स्वतंत्र सॉलिसिटर नेमावा, आणि ओळख पटवण्यासाठी पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स पाठवावं. मी कपाट उघडून त्याच्याकडे बघत उभा राहिलो. टाकीची ऊब तोंडावर येत होती, तिला धुतलेल्या सुती कापडाचा आणि उदबत्तीचा वास होता. त्याच्यासाठी स्वस्तातला सॉलिसिटर शोधायचा तर कानाला माइक लावलेल्या त्या बाईकडेच जावं लागणार. दोन्ही बाजूंनी तीच हसत असणार. हे मी त्याला मोठ्याने सांगितलं. तो एक पाय दुसऱ्यापुढे टाकून उभा होता, एखाद्या बसस्टॉपवर घाई नसलेला माणूस उभा असतो तसा. मला एकदम वाटलं की याचं नाव फायलीत आहे. याला पत्रं येतात. लंडनच्या रस्त्यांची मला अजून स्वप्नं पडतात, त्यात मी पत्ता सांगायला तोंड उघडतो आणि टॅक्सीवाला माझ्याकडे वळून बघतो आणि मला पत्ता आठवत नाही. ही स्वप्नं काही भयंकर नसतात. टॅक्सीवाला सौजन्याने वागतो.

चौथा आवाज जोन नावाच्या बाईचा होता, उत्तरेकडची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘लव्ह’ लावणारी. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदा बहुधा चहाचा घोट घेतला. मग म्हणाली की सगळ्यात सोपं म्हणजे तुझ्या आईने चार ओळी लिहून द्याव्यात, की आधी सांगितलं ते चुकून, असा कोणी इथे राहत नाही आणि कधी राहत नव्हता, आणि त्याचं इथे काही नाही. मी त्या चार ओळी स्वतःच टाइप केल्या. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या सफाईने. आईने चष्मा लावून वाचल्या, कागद टेबलावर ठेवला, त्यावर मिठाची बरणी ठेवली.

“इतकी वर्षं घरात राहिलेल्याला राहतच नव्हता म्हणून लिहून देऊ?” ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसलो होतो. माझ्या हातात चमचा होता. ती बरणी सरळ करत होती, सरळच होती तरी. माझ्या तोंडात एक वाक्य तयार झालं, पूर्ण, विरामचिन्हांसकट. विमानाच्या पुस्तिकेत अशा ठिकाणी आम्ही चौकट टाकतो. सावधान: झाकण उघडण्यापूर्वी आतील दाब उतरला असल्याची खात्री करा. मी खात्री केली, दाब उतरलेला नव्हता. मी म्हटलं, आई, फ्लॅट जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. मी म्हटलं, तुझे गुडघे. ती म्हणाली, माझे आहेत ते. मग बऱ्याच वेळाने भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून, आरोप वगैरे काही न करता म्हणाली, “पेनरोज ओळखतो त्याला.” तेवढंच. निम्म्याहून कमी पैशांत मी असा माणूस आणला होता जो ओळखत नव्हता. कोणालाच.

मी जोनला पुन्हा गाठायला तीन वेळा फोन केला, मधल्या आवाजांना काही न सांगता ठेवून दिला. ती सापडली तेव्हा मी म्हटलं, आई लिहून देणार नाही. ती म्हणाली, आता आठवडाही उरला नाही, लव्ह, त्या लोकांचा सॉलिसिटर रोज फोन करतोय. मग तिने विचारलं, तो तिथून गेला तर? म्हणजे? म्हणजे राहत होता हे खरं, आता राहत नाही. निघून गेला. दुसरीकडे राहायला गेला. तसं मला फोनवर कळलं तर मी नोंदवून टाकीन, आणि वाट्याचं मी वरच्या साहेबांशी बोलते, तो मला घाबरतो. यात खोटं काहीच नव्हतं. मी आईला सांगितलं. तिने मिठाच्या बरणीखालचा कागद काढला, त्याची घडी केली आणि त्या घडीने टेबलावरची साखर गोळा केली. मग म्हणाली, तेलाचा हात लावून पुसून घेते त्याला, प्रवास आहे.

शनिवारी सकाळी मुरलीधर निघाला. आईने त्याला मऊ टॉवेलात गुंडाळलं, तोंड उघडं ठेवून, आणि मांडीवर घेतलं. मग सीटबेल्ट स्वतःवरून आणि त्याच्यावरून असा लावला. ती निघताना कपाटाचं दार उघडंच ठेवून आली होती, दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या खोलीचं ठेवतात तसं. मोटरवे लागला. रेडिओवर कोणीतरी शेतातल्या बदकांबद्दल बोलत होतं. मला सारखं मनात येत होतं की आता विचारावं. पण गाडी चालवताना विचारलं तर तिच्याकडे बघता येणार नाही, आणि म्हणूनच विचारता येईल, असं दोन्ही बाजूंनी येत होतं. ऑक्सफर्ड गेलं. मिल्टन कीन्स सुरू झालं, म्हणजे चकरा सुरू झाल्या. त्या गावात सरळ रस्ता फार वेळ टिकत नाही, थोड्या थोड्या वेळाने गवताचं एक गोल बेट येतं आणि त्याच्याभोवती फिरून पुढे जायचं. सगळी बेटं सारखी. चौथ्या की पाचव्या बेटापाशी मी म्हणालो, अगदी सहज, हवामानाबद्दल बोलावं तसं, की आई, त्यांनी विचारलं तेव्हा तू माझं नाव नाही सांगितलंस.

आई टॉवेल नीट करत होती. तिला प्रश्न नवा नव्हता असं मला तिच्या बोटांवरून कळलं.

“त्या फोनवरच्या मुलीनं आधीच सांगितलं मला,” ती म्हणाली. “ज्याचं नाव द्याल, त्याच्याकडून लिहून घेणार. माझा या घराशी काही संबंध नाही, निघा म्हणाल तेव्हा निघतो. मी म्हटलं, मुलाकडून हे असं लिहून घ्यायचं? मग म्हटलं याचं देऊ. यानं गोकुळ सोडलं, मथुरा सोडली, द्वारका तर बुडालीच. याला सवय आहे.”

मी ‘हं’ म्हणालो. डावीकडे वळायचं होतं, ते वळण गेलं. मी बेटाभोवती गाडी आणखी एकदा फिरवली. ते वळण पुन्हा आलं आणि पुन्हा गेलं. आई म्हणाली, तेच झाड परत आलं बघ. मी म्हटलं, इथे सगळी झाडं सारखीच आहेत. ती म्हणाली, नाही रे, तेच आहे. तिसऱ्यांदा मी वळलो.

उर्वी दारात उभी होती. “आई, मी तुझा खोली पण दाखवते तिकडचा, फ्लॅटची चावी आणलीय,” ती तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाली, आणि मग टॉवेलाकडे बघून, “अरे, हा आधी आला?” तिच्या नव्या घरात टाकी नाही. भिंतीवर एक पांढरी पेटी आहे, ती लागेल तेवढंच पाणी तेव्हाच्या तेव्हा तापवते, साठवून ठेवत नाही. मुरलीधराला ठेवण्यासारखी उबदार जागा शोधत आई आणि उर्वी घरभर हात लावत फिरल्या, फ्रिजची पाठ, खिडकीखालचा रेडिएटर, टीव्ही. शेवटी इंटरनेटच्या डबीवर ठेवला. ती डबी सतत कोमट असते, आणि तिचे हिरवे दिवे लुकलुकतात. आईला दिवे पसंत पडले. ती म्हणाली, तात्पुरता राहील. ती रात्री उर्वीकडेच राहिली. मी परत आलो. मला सोमवारी कामावर जायचं होतं.

रविवारी मी घरी एकटा होतो. मी आंघोळीचा टॉवेल घ्यायला कपाटापाशी गेलो आणि तिथेच जमिनीवर बसलो, पाठ टाकीला लावून, दाराबाहेर पाय सोडून. माझ्या डोक्यावरची फळी रिकामी होती, तिच्यावर एक गोल डाग होता, तेलाचा, त्याच्या बैठकीएवढा. टाकीला लावलेली पाठ भाजते आणि तरी सरकवत नाही, अशा अवस्थेत मी लहानपणी इथे बसायचो, दार आतून ओढून घेऊन, आणि बाहेरून बाबा विचारायचे, मुरलीधर आत आहे का? मी म्हणायचो, आहे. आणखी कोणी आहे का? मी म्हणायचो, नाही. मग ते खाली निघून जायचे, जिन्यावर मोठ्याने पाय वाजवत, म्हणजे ते गेलेत हे मला कळावं. हे मला इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं. आठवलं त्याचं काही करता येण्यासारखंही नव्हतं.

सोमवारी मी कामाला जरा उशिरा गेलो, कारण जोनने सकाळी फोन करीन म्हणून सांगितलं होतं. मी फोन घेऊन वर आलो आणि कपाटाशी उभा राहिलो. तिने विचारलं, मिस्टर मुरलीधर गेले का? मी म्हटलं, शनिवारी गेले. कुठे, पत्ता असला तर बरा. मी उर्वीचा पत्ता दिला. बरे आहेत ना तिकडे? मी म्हटलं, रुळतायत. कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, बरं, म्हणजे आता मी शेवटचं वाचते, लव्ह, तू हो म्हण. घरात फक्त मिसेस, आणि तिने उडी मारली, सहस्रबुद्धे. दुसरं सज्ञान कोणी राहत नाही. बरोबर?

तीन आठवडे मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. उत्तर साधं होतं, माझं नाव, वय, मागची खोली. ती ते टाइप करणार, मला एक कागद येणार, त्यावर माझ्या नावापुढे छापलेलं असणार की हा या पत्त्यावर राहत होता, आणि खाली मी सही करणार की आता माझं इथे काही नाही. त्या कागदाची पहिली ओळ मला हवी होती. दुसरी मला लिहावी लागू नये म्हणून आईने देवाला घराबाहेर काढलं होतं. फोनमध्ये जोन थांबली होती, तिच्या मागे आणखी दहा-पंधरा आवाज आपापल्या घरांबद्दल बोलत होते. तेवढ्यात टाकीत घरघर झाली. हीटिंगचं घड्याळ लागलं असणार, बाबांनी लावलेलं, कोणी बदललेलं नाही.

“बरोबर,” मी म्हणालो. “दुसरं कोणी नाही.”

“लव्हली,” जोन म्हणाली.

घर गेलं. फ्लॅट मिळाला. मुरलीधर तिथे आईच्या खोलीत, खिडकीखालच्या रेडिएटरच्या वरच्या फळीवर असतो, आणि जिना नसल्यामुळे आईला आता वर बघून ‘आले’ म्हणता येत नाही, ती समोर बघून म्हणते. माझं राहायचं जवळच फिल्टनमध्ये झालं, एका ओळखीच्याकडे, तात्पुरतं. कधी ऑफिसातून येताना मी जुन्या रस्त्याने येतो. मागच्या खोलीला त्यांनी पिवळा रंग दिलाय, खिडकीत एक कागदी हत्ती फिरत असतो. आईने सही करून ते घर सोडलं. मुरलीधराने रीतसर सोडलं, तशी नोंद आहे, नव्या पत्त्यासकट. माझी सही मात्र कोणी मागितलेली नाही.